तक्त्याबाहेरचा रकाना

22 नोव्हेंबर 2023 रोजी व्हीएमवेअर ब्रॉडकॉमच्या ताब्यात गेली. सौदा कर्जासकट 69 अब्ज डॉलरचा. एवढा पैसा ओतणारा तो कुणाच्या तरी खिशातून वसूल करणार, हे सांगायला एमबीए लागत नाही. तीन आठवडे उलटायच्या आतच फर्मान निघालं: कायमचे परवाने बंद, इथून पुढे फक्त वर्गणी. 2024 च्या फेब्रुवारीत व्हीएमवेअरच्याच ईएसएक्सआयची फुकट आवृत्ती गेली. 2025 च्या एप्रिलमध्ये ती परत आली. गेली ती गाजावाजा होऊन, आली ती रिलीज नोट्सच्या एका ओळीतून, चोरपावलांनी.

तेव्हापासून एमआयडीसीतल्या कारखान्यांपासून नागरी सहकारी बँकांपर्यंत प्रत्येक आयटी मॅनेजर एकाच उद्योगात गुंतलाय. तुलनात्मक तक्ता.

हा तक्ता एक्सेलमध्ये असतो. वर आडव्या ओळीत पाच नावं: व्हीएमवेअर, हायपर-व्ही, प्रॉक्समॉक्स, न्यूटॅनिक्स, एक्ससीपी-एनजी. डावीकडे उभे मुद्दे. लाइव्ह मायग्रेशन? आहे, आहे, आहे, आहे, आहे. हाय अव्हेलेबिलिटी? पाचही ठिकाणी हिरवी खूण. स्नॅपशॉट? हिरवी. क्लोनिंग? हिरवी. तक्ता संपेपर्यंत एक्सेलचं पार कुरण होतं. असा तक्ता पाहून निर्णय घेता येत नाही, पण आधीच घेतलेला निर्णय फायलीला नीट लावता येतो, आणि खरेदी समितीला तेवढंच हवं असतं. नियमाप्रमाणे तीन कोटेशनं लागतात, म्हणून तीन जोडली जातात. ती तिन्ही एकाच डीलरने वेगवेगळ्या लेटरहेडवर टाइप केलेली असतात, हा भाग वेगळा.

ज्यांना हे प्रकरण नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. एक दांडगा सर्व्हर म्हणजे वाडा. त्यात पाच-पंचवीस बिऱ्हाडं, म्हणजे व्हर्च्युअल मशीन किंवा व्हीएम: अकाउंट्सचं, ईमेलचं, हजेरीच्या मशीनचं, ईआरपीचं. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटतं आपण स्वतंत्र बंगल्यात राहतो. हा भ्रम टिकवणारा, कुणाला किती मेमरी आणि किती प्रोसेसर मिळणार ते ठरवणारा जो इसम असतो, तो हायपरव्हायझर. त्या भ्रमाचं भाडं किती, यावर सध्या जगभर कोर्टकचेऱ्या चालल्या आहेत.

भ्रम जुना आहे. आयबीएमने 1972 मध्येच व्हीएम/370 हे आपल्या मेनफ्रेमसाठी बाजारात आणलं होतं. अडचण आपल्या घरगुती इंटेलछाप चिपची होती. 1974 मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी एखादं यंत्र नीट व्हर्च्युअलाइज व्हायला काय काय लागतं त्याच्या अटी लिहून ठेवल्या, आणि पुढे आलेली इंटेलची चिप त्या परीक्षेत सरळ नापास होत होती. मग 1998 मध्ये स्टॅनफर्डचे मेंडेल रोझेनब्लम, त्यांच्या पत्नी डायान ग्रीन आणि आणखी तिघांनी व्हीएमवेअर काढली. चिपच्या अडेलतट्टू आज्ञा चालता चालताच बदलून टाकायची करामत त्यांनी केली. ते खरंच डोक्याचं काम होतं, त्याचे पैसे घेणंही रास्तच होतं. डायान ग्रीन यांना मात्र 2008 मध्ये संचालक मंडळाने घरी पाठवलं. कंपनी शेअर बाजारात येऊन तेव्हा वर्षही पुरतं झालं नव्हतं.

मग 2005-06 मध्ये इंटेल आणि एएमडीने ती सोय चिपमध्येच घालून दिली. म्हणजे ज्या करामतीसाठी स्टॅनफर्ड लागत होतं, ती सिलिकॉनमध्ये उतरली. आणि लगेच, 2007 च्या फेब्रुवारीत, केव्हीएम नावाची चीज लिनक्सच्या कर्नलमध्येच दाखल झाली. अवी किविटी यांनी ती लिहिली, क्युमरानेट या छोट्या इस्रायली कंपनीत. दीड वर्षात रेड हॅटने ती कंपनी 107 दशलक्ष डॉलरला उचलली.

आता पुन्हा त्या तक्त्याकडे बघा. प्रॉक्समॉक्सच्या आत केव्हीएम. न्यूटॅनिक्सचं एएचव्ही म्हणजे केव्हीएम. रेड हॅटच्या ओपनशिफ्टमध्ये व्हीएम चालते ती केव्हीएमवर. गूगल क्लाउड केव्हीएमवर, अमेझॉनही 2017 पासून नायट्रोच्या रूपाने त्याच पंथाला लागलं. तेव्हा कुणी ‘परफॉर्मन्समध्ये कोण सरस’ या रकान्यात दशांश चिन्हानंतर दोन आकडे लिहून आणले, तर त्याला चहा पाजावा आणि तक्ता परत द्यावा. नेहमीच्या ऑफिसकामात हा फरक तुमच्या अकाउंटंटला सात जन्मांत कळणार नाही. त्याची टॅली हळू चालते ती हार्ड डिस्कमुळे.

मग फरक कशात आहे? मालकात. आणि तक्त्यात नेमका तोच रकाना नसतो.

व्हीएमवेअरचा वाडा 2004 मध्ये ईएमसीकडे गेला, 2016 मध्ये डेलकडे, 2021 मध्ये सुटा झाला, 2023 मध्ये ब्रॉडकॉमकडे. वीस वर्षांत तीन मालक. बिऱ्हाडांना कुणी विचारलं नाही. बरं, भाडेवाढीची हौस काही ब्रॉडकॉमनेच शोधून काढलेली नाही. 2011 मध्ये व्हीस्फिअर 5 आलं तेव्हा व्हीएमवेअरने मेमरीवर पैसे लावायचा घाट घातला होता. लोकांनी त्याला ‘व्हीरॅम टॅक्स’ असं नाव ठेवून इतकी हुर्यो उडवली, की वर्षभरात तो गुंडाळावा लागला आणि गुंडाळल्याच्या घोषणेला गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. ब्रॉडकॉमचे प्रमुख हॉक टॅन यांना कुणाच्या टाळ्यांची गरज दिसत नाही.

आत्ताचा हिशेब कोअरवर आहे, आणि एका प्रोसेसरला किमान 16 कोअर धरायचे हा दंडक. तुमच्या प्रोसेसरला आठच कोअर असतील? असोत. पैसे सोळाचे. जुना परवाना कायमचा होता, तो चालू राहतो, पण सपोर्ट संपल्यावर नवे अपडेट टाकायचे नाहीत. 2025 मध्ये काही गिऱ्हाइकांना पत्रंच गेली: सपोर्ट संपल्यानंतर टाकलेले अपडेट काढून टाका, नाहीतर तपासणीला तयार राहा. व्हीस्फिअर 7 ची साधारण सपोर्टची मुदत 2 ऑक्टोबर 2025 ला संपली. आपल्याकडच्या किती सर्व्हर रूममध्ये ते अजून सुखाने नांदतंय, हे मोजायला कुणी गेलेलं नाही, आणि जाऊही नये, कारण मोजलं की अहवाल होतो आणि अहवाल झाला की जबाबदारी.

लहान गिऱ्हाइकांचं सोडा. एटी अँड टी ही अमेरिकेतली बलाढ्य फोन कंपनी. सुमारे 8,600 सर्व्हरवर तिच्या 75,000 व्हीएम. 2024 मध्ये ती ब्रॉडकॉमविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये कोर्टात गेली. आपल्याला 1,050 टक्के वाढ सांगितली गेली, असा तिचा दावा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोघांची तडजोड झाली, आकडे गुलदस्त्यात. एटी अँड टीला कोर्ट परवडतं. आपल्या साखर कारखान्याला परवडत नाही, तो आमदारांना फोन करतो, आणि हॉक टॅन आमदारांना ओळखत नाहीत.

एक मात्र प्रामाणिकपणे म्हणायला हवं. माल चांगला आहे. चालू व्हीएम एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर, वापरणाऱ्याला पत्ता लागू न देता नेणारं व्हीमोशन त्यांनी 2003 मध्ये आणलं, तेव्हा लोकांना तो हातचलाखीचा प्रयोग वाटला होता. शेकडो सर्व्हर असतील, तर भार आपोआप वाटून देण्याचं काम व्हीएमवेअरइतकं सफाईने आजही फारसं कुणी करत नाही. मोठी बँक असाल तर तिथेच राहा आणि घासाघीस करा. घासाघीस करताना टेबलावर प्रॉक्समॉक्सचं एक पत्रक उघडं राहील असं बघा. नजर पडली पाहिजे.

पण तीन सर्व्हर आणि वीस-पंचवीस व्हीएमवाल्यांनी काय करायचं?

पहिला सल्ला मिळतो हायपर-व्हीचा. ‘विंडोज तर आपण घेतलंच आहे, त्यात ते फुकट येतं.’ येतं. 2008 पासून येतंय. फक्त विंडोज सर्व्हर स्टँडर्डचा हिशेब कधी तरी शांतपणे करून बघा. सर्व्हरमधल्या सगळ्या कोअरचे पैसे भरले की दोन विंडोज व्हीएम चालवायची मुभा. तिसरी हवी? पुन्हा सगळे कोअर मोजा. सात व्हीएम असतील तर तेच कोअर चार वेळा मोजायचे. नाहीतर डेटासेंटर आवृत्ती घ्या, तिला मर्यादा नाही, किमतीलाही नाही. नुसत्या हायपरव्हायझरची जी स्वतंत्र फुकट आवृत्ती होती, ती 2019 ला शेवटची आली. मायक्रोसॉफ्टला तुम्ही आता तिच्या अझूर या क्लाउडच्या अंगणात यायला हवे आहात: अझूर लोकल, तुमच्याच खोलीत, तुमच्याच विजेवर, तुमच्याच यंत्रावर, आणि वर कोअरमागे महिना दहा डॉलर.

आणि इथेच एक मौज आहे, जी तक्त्यात कुणी लिहीत नाही. हायपरव्हायझर कुठलाही आणा, आत विंडोज चालवायचं तर विंडोजचा हा कोअरचा हिशेब सुटत नाही. प्रॉक्समॉक्सवर गेलात तरी नाही. ‘फुकट’वर गेलो म्हणून पेढे वाटणाऱ्या कित्येकांना ही बातमी ऑडिटरकडून कळते.

प्रॉक्समॉक्स. व्हिएन्नाच्या कंपनीचा माल, 2008 पासून. डेबियन लिनक्स, त्यावर केव्हीएम, सोबत कंटेनर, आणि सगळं ब्राउझरमधून. सोर्स कोड एजीपीएल परवान्याखाली खुला. वापरायला छदाम लागत नाही. फक्त दर वेळी लॉगिन केलं की एक छोटी खिडकी उघडते आणि सांगते: तुमच्याकडे वैध सबस्क्रिप्शन नाही. ओके म्हणायचं की ती जाते. ही खिडकी कायमची घालवायची स्क्रिप्ट शोधण्यात आपल्या इंजिनिअरांनी जेवढं डोकं खर्च केलंय, तेवढं बॅकअपवर केलं असतं तर महाराष्ट्र रॅन्समवेअरमुक्त झाला असता. सर्वांत खालची वर्गणी एका प्रोसेसरला वर्षाला शंभरेक युरो. एका संचालक मंडळाच्या बैठकीतले काजू त्याहून महाग असतात. पण कागदावर ‘फुकट’ मंजूर झालेलं असतं, मग शंभर युरो कुठल्या हेडखाली टाकायचे?

शिवाय त्या खालच्या पायरीत सपोर्ट नाही. वरच्या पायऱ्यांत आहे, तो ऑस्ट्रियाच्या कामाच्या वेळात, सोमवार ते शुक्रवार. तिकडे ऑफिस उघडतं तेव्हा आपल्याकडे जेवणाच्या डब्यांची वेळ होत आलेली असते. शनिवारी रात्री सर्व्हर आडवा झाला तर व्हिएन्नात कुणी उठणार नाही. तेव्हा चोवीस तासांचा माणूस तुमचा तुम्हालाच शोधायचा आहे, आणि इथे ‘चोवीस तास’चा अर्थ फोन उचलणारा असा घ्यायचा, ‘बघतो साहेब’ म्हणणारा असा नाही. व्हीएमवेअर शिकवणारे क्लास पुण्यात वर्षानुवर्षं चालले, त्यामुळे ते येणारी पोरं मिळतात. प्रॉक्समॉक्स येतं म्हणणारी पोरं बहुतेक घरच्या जुन्या पीसीवर शिकलेली असतात. माझं विचाराल तर हीच पोरं घ्यावीत. स्वतःच्या पैशाने हार्ड डिस्क जाळलेला माणूस बॅकअप घेतो.

प्रॉक्समॉक्सची एक खोड मात्र महाराष्ट्रात समजावून सांगायला फार सोपी आहे. दोन सर्व्हरचा क्लस्टर केलात आणि त्यातला एक मेला, तर उरलेला एकटा पुढचं काम हातात घेईल असं तुम्हाला वाटतं. तो घेत नाही. दोनपैकी एक मत म्हणजे बहुमत नव्हे. आधीच्या चालू व्हीएम चालत राहतात, पण नवं काही सुरू करायचं, कॉन्फिगरेशन बदलायचं, मेलेल्या भावाची बिऱ्हाडं आपल्याकडे घ्यायची, यातलं काही बहुमत सिद्ध झाल्याशिवाय होत नाही. उपाय? तिसऱ्या मताची सोय. त्याला मोठा सर्व्हर लागत नाही, कोपऱ्यात पडलेलं एखादं किरकोळ यंत्र चालतं. ते काम काही करत नाही, फक्त मत देतं. आणि सत्ता त्याच्यावर टिकते. अपक्षाचं महत्त्व ज्या राज्याला सांगावं लागत नाही, तिथे हा मुद्दा इतक्या क्लस्टरांमध्ये राहून कसा जातो?

एक्ससीपी-एनजीबद्दल थोडक्यात. ही केंब्रिज विद्यापीठात जन्मलेल्या झेनची वंशावळ. झेनसोर्स ही कंपनी सिट्रिक्सने 2007 मध्ये 50 कोटी डॉलरला घेतली, आणि दहा वर्षांनी फुकट आवृत्तीतल्या सोयी छाटल्या. त्यावर चिडून ग्रनोबलच्या फ्रेंच मंडळींनी 2018 मध्ये तोच खुला कोड घेऊन वेगळी चूल मांडली. चूल बरी पेटली आहे. फक्त आपल्याकडे ती येणारा माणूस शोधायला निघालात, तर परत येताना प्रॉक्समॉक्सवाला घेऊन याल.

न्यूटॅनिक्स त्याच्या उलट टोकाला. 2009 मध्ये आयआयटी कानपूरचे धीरज पांडे आणि दोन साथीदारांनी काढलेली कंपनी. सर्व्हर, स्टोरेज सगळं एका घोळक्यात, देखणा स्क्रीन, आणि हायपरव्हायझरचे वेगळे पैसे नाहीत. बाकी सगळ्याचे आहेत. व्हीएमवेअरच्या बिलाने घायाळ झालेले लोक तिथे जातात, डेमो बघतात, खूश होतात, कोटेशन बघतात आणि व्हीएमवेअरवाल्याला पुन्हा फोन करतात. ज्यांच्याकडे पैसे आहेत आणि माणसं नाहीत, त्यांच्यासाठी ती चांगली वस्तू आहे. आपल्याकडे दोन्ही नसतात.

आता मालकासारखाच तक्त्यात नसलेला आणखी एक रकाना: बाहेर पडायला काय लागतं? पाचही विक्रेते तुम्हाला आत यायची सोय दाखवतील. प्रॉक्समॉक्सने तर 2024 पासून ईएसएक्सआयवरून व्हीएम ओढून घ्यायचं साधन सोबतच दिलंय. चार बटणं, व्हीएम इकडची तिकडे. मग ती सुरू करायची आणि निळ्या स्क्रीनवर विंडोज म्हणतं, मला डिस्कच सापडत नाही. कारण नव्या घरातली डिस्क व्हर्टआयओ नावाच्या ड्रायव्हरने ओळखायची असते आणि तो ड्रायव्हर जुन्या घरात असतानाच टाकून ठेवायचा असतो. जुने व्हीएमवेअर टूल्सही तिथेच काढायचे. हे माहीत असलं तर दहा मिनिटांचं काम आहे. माहीत नसलं तर रविवार जातो, आणि सोमवारी जीएसटीची शेवटची तारीख असते.

त्यानंतर स्नॅपशॉट. डेटास्टोअर उघडून बघा. ‘बिफोर अपडेट डू नॉट डिलीट’ नावाचा एक स्नॅपशॉट असतोच, तीन वर्षांपूर्वीचा. ज्याने घेतला तो आता बंगळुरूला आहे. मूळ डिस्कच्या बरोबरीला त्याचं पोट आलेलं असतं, आणि त्यालाच मंडळी बॅकअप समजतात. स्नॅपशॉट मूळ डिस्कवर टेकून उभा असतो; डिस्क गेली की तोही गेला. हायपरव्हायझर बदलताना हे गाठोडं आधी सोडवावं लागतं, आणि सोडवताना डेटास्टोअरमध्ये मोकळी जागा लागते. ती त्यानेच खाल्लेली असते.

आणि डोंगल. श्री-लिपीचं डोंगल कीबोर्डशेजारी जिवापाड जपलेल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. पगाराचं किंवा वजनकाट्याचं एखादं पुरातन सॉफ्टवेअर असतं, जे यूएसबीत डोंगल असेल तरच उघडतं. ते डोंगल एका सर्व्हरच्या पाठीत खोचलेलं. तो सर्व्हर बंद पडला की क्लस्टर, हाय अव्हेलेबिलिटी, लाइव्ह मायग्रेशन या सगळ्या हिरव्या खुणांचा पाचोळा होतो आणि कुणीतरी खाली वाकून हाताने डोंगल काढून शेजारच्या सर्व्हरला लावतं. लाखोंचं सॉफ्टवेअर एका पोराच्या दोन बोटांवर. यूएसबी नेटवर्कवरून वाटून देणारा एक डबा मिळतो, काही हजारांत. तो कधीच मंजूर होत नाही, कारण तक्त्यात तो बसत नाही.

बदलायचंच ठरवलंत, तर सुरुवात सगळ्यात बिनमहत्त्वाच्या व्हीएमपासून करतात. ती कोणती, हे यादीवरून कळत नाही. यादीत सगळ्याच ‘क्रिटिकल’ असतात. ‘टेस्ट-2’ सुद्धा क्रिटिकल असते, ‘जुना सर्व्हर कॉपी नवीन’ तर असतेच असते. एकच खात्रीची पद्धत आहे: कुणाला न सांगता एकेक बंद करायची आणि फोनची वाट बघायची. फोन आला की त्या व्हीएमचा मालक कळला, तसं वहीत लिहायचं. महिना गेला, महिनाअखेर झाली, पगार झाले, ऑडिट झालं, तरी फोन नाही, तर ती हलवायचीच गरज नाही. अर्ध्या व्हीएमच्या बाबतीत फोन येत नाही. त्यांच्यासाठी चौथा सर्व्हर घ्यायचा प्रस्ताव मात्र मागच्याच बैठकीत मंजूर झालेला असतो.